आधी चंदी, मग खोगीर



मुलांना कुठल्याही क्लबात घालायचं म्हटलं की आपण आधी फी विचारतो, मग वेळ विचारतो आणि शेवटी न्यायचं-आणायचं कोणी ते ठरवतो. नियमांचा कागद सहीपुरता उलटतो. माझं म्हणणं असं आहे, की जिथे एखादा मुका जीव गुंतलेला आहे तिथे हा क्रम उलटा हवा. आधी नियमांचा कागद वाचा. त्या कागदात तुमच्या मुलाबद्दल काय लिहिलं आहे ते नंतर बघा, त्या जिवाबद्दल काय लिहिलं आहे ते आधी बघा.

हा विषय निघाला तो आमच्या नातीमुळे. ती 11 वर्षांची आहे, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहते. तिला तिथल्या पोनी क्लबात जायचं आहे. पोनी म्हणजे लहान चणीचा घोडा, आपण तट्टू म्हणतो तो. मुलाने नियमांचे कागद मला पाठवले आणि विचारलं, "आई, आपल्या धर्मात हे बसतं का?" माझ्या धाकट्या जावेचं उत्तर तयार होतं, "अक्का, जिवाच्या पाठीवर बसून मजा करायची, यात विचारायचं काय?" तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, त्याकडे मी पुढे येते. पण मी बी.कॉम. झालेली बाई. कागद हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही सवय.

आधी हा क्लब काय आहे ते सांगते. पोनी क्लब मुळात इंग्लंडमध्ये 1929 साली निघाला. 1954 साली अमेरिकेत त्याच धर्तीवर वेगळी संस्था सुरू झाली. तिचं मुख्य कार्यालय केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला आहे आणि गावोगावी तिचे छोटे क्लब आहेत. पंचविशीपर्यंतची मुलंमुली सभासद असतात. क्लबच्या प्रमुखाला 'डिस्ट्रिक्ट कमिशनर' म्हणतात. ऐकताना कलेक्टर वाटतो, पण असते ती बिनपगारी काम करणारी कुणाची तरी आई नाहीतर मावशी. सगळा कारभार पालकांच्या श्रमदानावर चालतो, त्यामुळे मुलाला दारात सोडून पालकांनी निघून जायचं हे तिथे बसत नाही.

परीक्षांच्या पायऱ्या आहेत. सुरुवात डी पासून होते, मग सी, मग बी आणि सर्वांत वर ए. या पायऱ्या नुसत्या घोडा पळवून चढता येत नाहीत. प्रत्येक पायरीला घोड्याची देखभाल विचारतात. अगदी खालच्या पायरीवरच्या पोराला खूर कसा साफ करायचा, खरारा कसा करायचा, घोड्याजवळ कुठल्या बाजूने जायचं हे यावं लागतं. वर जाल तसं चारा, दाणा, आजारांची लक्षणं, पायांची निगा, खोगिराची बसण असं वाढत जातं. आणि मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, घोड्यावर न बसता फक्त देखभालीच्या परीक्षा देत वरच्या पायरीपर्यंत जाण्याची वाटही त्यांनी ठेवली आहे. म्हणजे एखाद्या मुलीने ठरवलं की मी घोड्याची सेवा करीन पण स्वार होणार नाही, तर तिलाही तिथे मानाची जागा आहे. स्वतःचा घोडा असलाच पाहिजे असंही नाही.

आता अपेक्षा काय आहेत बघा. घोड्याविना होणाऱ्या सभाही असतात. त्यात नुसतं शिकायचं असतं. पाठीवर बसताना प्रमाणित शिरस्त्राण हवं आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला हवा, याला अपवाद नाही. जोरात आपटलेलं शिरस्त्राण वरून धड दिसलं तरी बदलायचं. बुटाला टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. वरच्या परीक्षांना घोड्याची नोंदवही लागते. नालबंद कधी आला, लस कधी टोचली, जंताचं औषध कधी दिलं, चारा किती, खर्च किती. ही वही सभासदाने स्वतः ठेवायची असते. मोठ्या मेळाव्याला ते 'रॅली' म्हणतात. तिथे तबेल्याच्या भागात पालकांना मज्जाव असतो. मुलांनी एकमेकांच्या मदतीने घोड्याला पाणी दाखवायचं, लीद काढायची, सामान पुसायचं. संघात स्वारांबरोबर तबेला सांभाळणाराही एक सभासद असतो आणि देखभालीचे गुण संघाच्या हिशेबात धरतात. उड्या छान मारल्या पण पाण्याची बादली रिकामी सापडली, की गुण गेले.

हे वाचताना मला आपला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय आठवत होता. दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय वाचतात, त्यामुळे सातव्या दिवशी व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा विषय निघतोच. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठशाळेत घोकले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. घोकताना लक्षात येत नाही, पण हे पाचही गोठ्यातले आणि तबेल्यातले दोष आहेत. आचार्यांच्या डोळ्यांसमोर रोज जनावरांशी काम पडणारा गृहस्थ होता. जनावर पाळूच नका असं त्याला सांगितलं नाही, पाळताना काय करायचं नाही ते सांगितलं. मुनींचं महाव्रत वेगळं आणि आपलं अणुव्रत वेगळं, ते यासाठीच.

मग मी हेच पाच अतिचार घेऊन क्लबाचे नियम तपासायला बसले.

बंध म्हणजे बांधून ठेवणं. घोडा हा कळपात राहणारा आणि चरत चरत चालणारा प्राणी. दिवसाचे बरेच तास त्याचं तोंड आणि पाय चालू असतात. त्याला चोवीस तास एका खोलीत कोंडणं म्हणजे बंधच. तेव्हा मोकळ्या कुरणात त्याला रोज किती वेळ सोडतात, हा प्रश्न आपण विचारायचाच. बांधण्याबद्दल क्लबात पहिल्यांदा शिकवतात ती गाठ, जी एका ओढीत सुटते. आग लागली, घोडा घाबरला, पडला, तर क्षणात मोकळा करता यावा म्हणून. श्रावकाचार सांगणाऱ्या आपल्या जुन्या आचार्यांनीही हेच सांगून ठेवलं आहे, की जनावर बांधावं लागलंच तर सैल बांधा, आगीसारखं संकट आलं तर ते सुटलं पाहिजे. या दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसेल, पण जिवाची काळजी वाहणाऱ्याला तीच गाठ सुचते.

वध म्हणजे इथे जीव घेणं नव्हे, काठीने किंवा चाबकाने मारणं. चाबूक घोडेस्वारीत असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तो इशाऱ्यापुरता वापरायचा, असा नियम आहे. रागाच्या भरात वापरला तर स्पर्धेतून बाद करतात. नियम आहे म्हणून तो पाळला जातोच असं मी समजत नाही. म्हणून सुनेला सांगितलं, पहिले दोन-तीन आठवडे तू तिथे उभी राहून बघ. शिकवणारी व्यक्ती चिडलेल्या पोराला काय सांगते ते बघ. "मार त्याला" म्हणते की "उतर खाली, आधी स्वतः शांत हो" म्हणते, यावरून क्लब कळेल.

छेद म्हणजे अंगाला इजा करणं. खोगीर नीट बसत नसेल तर घोड्याची पाठ सोलवटते, तंगाखाली जखमा होतात. तोंडातली कडी चुकीची असेल तर जीभ आणि ओठ फाटतात. म्हणून खोगिराची बसण तपासायला शिकणं हा अभ्यासातला कंटाळवाणा भाग वाटला तरी धर्माच्या दृष्टीने तोच मुख्य. इथे पुष्कळजणी विचारतील, "आणि ते पायात खिळे ठोकतात त्याचं काय?" खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी असते, तिथे वेदना नसते. चांगला नालबंद खिळा तेवढ्याच भागात घेतो. मात्र सहा ते आठ आठवड्यांनी खूर तासावा लागतोच, नाल असो वा नसो. ती तारीख वहीत आहे की नाही, हे बघावं.

अतिभारारोपण म्हणजे ताकदीबाहेर ओझं लादणं. आपल्याकडे म्हणच आहे, घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे, की स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत राहावं. काहीजण याहूनही कमी धरतात. 400 किलोचा घोडा असेल तर सगळं मिळून 80 किलो. त्यात खोगिराचेच आठ-दहा किलो गेले. उरले सत्तर. म्हणजे मुलांचं जमून जाईल, पण हौसेने "मी पण बसून बघतो" म्हणणाऱ्या आमच्या चिरंजीवांचं नाही! हा हिशेब प्रत्येक क्लबाने दारावर लिहून लावावा असं मला वाटतं. आणि ओझं म्हणजे नुसतं वजन नव्हे. एकाच घोड्यावर सकाळपासून सहा मुलं एकामागून एक बसवली, तर ते प्रत्येकी तीसच किलोची असली तरी अतिभारच.

अन्नपाननिरोध म्हणजे वेळेवर खाऊपिऊ न घालणं. इथे घोड्याची शरीररचना समजून घ्यावी लागते. एवढा मोठा देह, पण जठर लहान. त्यात आम्ल सतत पाझरत असतं, म्हणून थोडं थोडं आणि सारखं खाणं ही त्याची गरज. तासन्‌तास पोट रिकामं राहिलं तर जठरात व्रण होतात. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे काही चुकीचं पोटात गेलं तर ते बाहेर टाकायची सोय नाही, पोटशुळाने तो जिवाला मुकू शकतो. दिवसाला वजनाच्या दीड ते दोन टक्के तरी कोरडा चारा हवा, म्हणजे 400 किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. पाणी 20 ते 40 लिटर, उन्हाळ्यात आणि कामाच्या दिवशी त्याहून जास्त. दाण्याने पोट भरल्यावर लगेच त्याला पळवायचं नाही. आपण उपवास करतो, एकाशन करतो ते आपल्या इच्छेने, भाव ठेवून. घोड्याला घडवलेला उपवास हा त्याचा तप नाही, आपलं पाप आहे.

या पाच कसोट्यांवर क्लबाचे नियम बहुतेक ठिकाणी उतरले. पण जाऊबाईंचा प्रश्न उरतोच. तो खरं तर पाच अतिचारांच्या आधीचा आहे. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वस्वी सोडायची, बाकी तीन सांभाळून, कमीत कमी करायच्या. नांगराला बैल जुंपणारा शेतकरी उद्योगीमध्ये येतो. हौसेखातर घोड्यावर बसणारी मुलगी कशात येते? ना पोटासाठी, ना घरासाठी, ना रक्षणासाठी. विनाकारण जिवाला त्रास देणं याला अनर्थदंड म्हणतात, आणि त्यापासून दूर राहणं हे गुणव्रतच आहे. जाऊबाईंचं बोट बरोबर तिथेच आहे.

माझं उत्तर असं. नुसतं बसायचं, फिरायचं, फोटो काढायचा आणि उतरून गाडीत बसायचं, हे अनर्थदंडात येतं याबद्दल मला शंका नाही. पाळीव घोडा आता रानात सोडून जगणारा नाही. त्याला कुणीतरी खाऊ घालणार, कुणीतरी खूर तासणार, कुणीतरी रात्री त्याचं पोट दुखलं तर जागणार. प्रश्न एवढाच, की हे करणारा कोण आणि कुठल्या भावाने. ज्या मुलीने वर्षभर थंडीत बादलीतला बर्फ फोडून त्याला पाणी दिलं, लीद उचलली, त्याच्या पायावरून हात फिरवून सूज ओळखायला शिकली, तिने अर्धा तास त्याच्या पाठीवर बसणं आणि पर्यटकाने बसणं यांत फरक आहे. घोडा संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे, त्याला मन आहे. आपल्या तिसऱ्या तीर्थंकरांचं, संभवनाथ भगवंतांचं लांछनच घोडा आहे. अशा जिवाच्या सान्निध्यात मूल रोज जातं आणि त्याचं सुखदुःख वाचायला शिकतं, याला मी निरर्थक म्हणणार नाही. पुण्याचंही म्हणणार नाही. सांभाळून करायची गोष्ट म्हणेन. आणि कुणाच्या मनाला हे पटत नसेल तर न बसता सेवा करायची वाट मोकळी आहे, तीच श्रेष्ठ.

काही बाबतींत मात्र मी तडजोड सांगणार नाही. पहिली शिकारीची. इंग्लंडमधल्या घोडेस्वारीचं कोल्ह्याच्या शिकारीशी जुनं नातं आहे. तिथल्या पोनी क्लबाच्या कितीतरी शाखांची नावं शिकारी मंडळींवरून पडली आहेत. कुत्र्यांच्या मदतीने कोल्ह्याची शिकार करण्यावर इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने बंदी आली. अमेरिकेतही काही क्लबांच्या नावात 'हंट' हा शब्द आहे. क्लब चांगला असला तरी शिकारीच्या कार्यक्रमाला आमचं मूल येणार नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगायचं. ही संकल्पी हिंसा. इथे 'नुसतं बघायला गेलो' हेसुद्धा चालणार नाही, कारण अनुमोदनेचाही बंध असतो.

दुसरी कातड्याची. खोगीर, लगाम, बूट हे बहुतेक चामड्याचे. पण आता कृत्रिम धाग्याची खोगिरं आणि रबरी किंवा कृत्रिम बूट सहज मिळतात, धुवायलाही सोपे. बुटाला टाच हवी हा नियम सुरक्षेचा आहे, तो चामड्याचाच हवा असं नाही. तिसरी जेवणाची. क्लबच्या सहलीत सगळ्यांचं एकत्र खाणं असतं. आपला डबा न्यावा, चार मैत्रिणींना पुरेल इतक्या पुऱ्या न्याव्यात आणि कारण विचारलं तर न लाजता सांगावं. भाद्रपदातल्या दशलक्षणात मेळावा आला तर त्या वर्षी मेळावा सोडायचा. घोड्याच्या पाळीला मात्र जायचं. त्याला पर्व कळत नाही, भूक कळते.

आता खर्चाबद्दल थोडं, कारण त्यावाचून माझा लेख पुरा होत नाही. घोडा विकत घ्यावा का, असंही मुलाने विचारलं होतं. माझं मत स्पष्ट आहे, घेऊ नये. हिशेबाच्या वहीत यंत्र लिहिलं की दरवर्षी त्याचा घसारा लावतात. काही वर्षांनी किंमत नगण्य होते आणि ते भंगारात जातं. घोडा 25 ते 30 वर्षं जगतो. स्वारीच्या कामाचा तो त्यातली काही वर्षंच. किमतीला घसारा लावता येईल, पोटाला लागत नाही. म्हातारा घोडा तरुण घोड्याइतकंच खातो आणि त्याचे दात झिजले की त्याला मऊ करून खाऊ घालावं लागतं. आमची नात 18 वर्षांची होऊन कॉलेजला जाईल तेव्हा त्या घोड्याचं काय? जो शेवटपर्यंत पोसू शकत नाही त्याने मालक होऊ नये. म्हणून कुठल्याही क्लबाला विचारायचा सर्वांत मोठा प्रश्न माझ्या मते हाच आहे: तुमचे म्हातारे घोडे कुठे जातात? ज्या क्लबाला हे सांगता येत नाही, तिथे मूल घालू नये. पांजरपोळ चालवणाऱ्या समाजातल्या आपण. हा प्रश्न आपण नाही विचारायचा तर कोणी?

हे सगळं अमेरिकेपुरतं नाही. आता पुण्या-मुंबईकडेही मुलांसाठी घोडेस्वारीचे वर्ग निघालेत, उन्हाळी शिबिरं असतात. कुणी विचारलं म्हणून असे काही फॉर्म मी वाचले. मुलाचं वय, वजन, रक्तगट, फी, 'पडल्यास आम्ही जबाबदार नाही' ही सही, टी-शर्टचा रंग. घोड्याबद्दल एक ओळ नाही. मुलगा येतो तेव्हा मोतद्दाराने घोडा खोगीर चढवून तयार ठेवलेला असतो. पाऊण तासाने तो उतरतो, लगाम मोतद्दाराच्या हातात देतो आणि निघतो. घोडा घामेजलेला आहे, तहानलेला आहे, हे बघणं त्याच्या फीमध्ये येत नाही. यातून मुलगा काय शिकला? घोड्यावर बसायला शिकला असेल. पण जिवंत प्राणी आणि भाड्याची सायकल यांत फरक नाही, हेही शिकला. आपलं माथेरान आठवा. मोटारींना बंदी म्हणून तिथे माणसं आणि ओझी घोड्यांनी वाहिली. आपण बसलो, उतरलो, भावात घासाघीस केली. त्या घोड्याने आज पाणी कधी प्यालं, हे आपल्यापैकी किती जणींनी विचारलं?

कायदा आपल्याकडेही आहे. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा मारणं, प्रमाणाबाहेर स्वारी करणं, जादा ओझं लादणं, पुरेसं अन्नपाणी न देणं, अवाजवी वेळ बांधून ठेवणं या सगळ्याला गुन्हा म्हणतो. आपल्या पाच अतिचारांची यादीच जणू सरकारी भाषेत लिहिली आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत. दिवसात नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही. जिथे पारा 37 अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन काम नाही. काटेरी लगाम वापरायचा नाही. हे नियम मोतद्दाराला समजावत बसण्यापेक्षा आपल्या मुलांच्या फॉर्मवर छापले तर जास्त उपयोग होईल, कारण पैसे देणारे आपण आहोत. आपण विचारलं की क्लब बदलतात.

माझ्या मते आपल्याकडच्या प्रत्येक वर्गाने सभासदाकडून एवढं तरी मागावं. पहिला महिना पाठीवर बसायचं नाही, तबेल्यात काम करायचं. स्वारीच्या प्रत्येक तासाला एक तास सेवेचा. घोड्याची वही मुलांनी ठेवायची. मोतद्दाराला 'ए' न म्हणता काका म्हणायचं आणि त्यांच्याकडून शिकायचं, कारण तबेल्यात खरा जाणता तोच असतो. पट्टा बांधल्याशिवाय बसायचं नाही. घोडा लंगडत असेल तर त्या दिवशीची फी परत मागायची नाही. ही शेवटची अट पालकांसाठी. फी भरली म्हणून आजचा तास झालाच पाहिजे, या हट्टापोटी कितीतरी दुखऱ्या पायांवर ओझं चढत असेल.

काहीजणी म्हणतील, एवढ्या अटी घातल्या तर मुलं येणारच नाहीत. नाही आली तर नाही आली. ज्यांना लीद उचलायला नको, त्यांच्यासाठी सायकल आहे, पोहणं आहे. घोड्याला गर्दीची गरज नाही, माणसांची आहे.

मुलाला मी जे लिहून पाठवलं ते थोडक्यात असं: घाला तिला क्लबात. पहिलं वर्ष देखभालीच्या परीक्षा दे म्हणावं, स्वारीचं मग तिचं तिने ठरवावं. घोडा विकत घ्यायचा नाही. खोगीर-बूट कृत्रिम. शिकारीच्या कार्यक्रमाला नाही, हे फॉर्मवर लिहून द्यायचं. तुम्हा दोघांपैकी एकाने क्लबाच्या कामाला हातभार लावायचा, ते काम पोरीवर ढकलायचं नाही. आणि वहीचं एक पान दर महिन्याला आजीकडे तपासायला यायचं. जाऊबाईंनाही मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बसायचं सोडून बाकी सगळं मान्य." तेवढं मतभेदाला राहू दे. त्यांचं मत चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही.

पहिलं पान परवा आलं. चारा सकाळी, दुपारी आणि रात्री. पाण्याच्या बादल्या तीन. खर्चाच्या बेरजेत चूक होती, ती लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवली आहे.